पंचांचे हात बघत चला

दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर बाजूला पसरले की त्याचा अर्थ काय? तुमच्या घरातलं दुसरीतलं पोरही सांगेल, वाईड! आमच्या बजबजच्या गल्लीतल्या पोरांनीही तेच सांगितलं आणि त्यावरून जे भांडण पेटलं ते विझवायला शेवटी चहाच्या टपरीवरच्या काकांना उठून यावं लागलं.

झालं होतं असं. पोरं क्रिकेट खेळत होती आणि त्यांनी माझ्या लेकीला अंपायर म्हणून उभं केलं होतं. नवीन आलेली मुलगी, कुठल्याच टीमची नाही, म्हणजे निष्पक्ष. एकाने धाव काढताना अंगाला माती लावत क्रीजमध्ये बॅट घुसवली, तिकडून थ्रो आला, विटांचे स्टंप पडले. लेकीने क्षणभर पाहिलं आणि दोन्ही हात झोकात बाजूला पसरले. तिच्या मते ‘सेफ’. बॅटिंगवाल्यांच्या मते नॉट आउट, वर वाईडची एक धाव फुकट. बोलिंगवाल्यांच्या मते मात्र ही मुलगी शुद्धीवर नव्हती, कारण तो चेंडू मधल्या स्टंपवर पडला होता. तिला बंगाली येत नाही, त्यांना मराठी येत नाही आणि दोघांचं हिंदी गरजेपुरतं.

माझी लेक सॉफ्टबॉल खेळणारी. जळगावला शाळेत असताना पाचवीपासून खेळली. यांची बदली इकडे तेलाच्या डेपोत झाली आणि आम्ही बजबजला आलो. सियालदहहून सुटणारी लोकल जिथे संपते ते हे गाव. एका अंगाला हुगळी, काठाने ताग गिरण्या आणि तेलाच्या टाक्या. मैदानं आहेत, पण ती फुटबॉलची. क्रिकेट उरलेल्या जागेत. सॉफ्टबॉलचं नाव काढलं की लोक ‘म्हणजे टेनिस बॉल ना?’ असं विचारतात. तेव्हा तिचा ग्लोव्ह ट्रंकेत गेला, पण हात मात्र सॉफ्टबॉलचेच राहिले.

तुमची मुलं सॉफ्टबॉल खेळत असतील किंवा खेळणार असतील, तर त्या खेळातल्या पंचांकडे एकदा नीट बघायला शिका. महाराष्ट्रात हा खेळ शालेय स्पर्धांमध्ये आहे. जळगाव, अमरावतीसारख्या जिल्ह्यांत तर गल्लीतल्या एखाद्या घरी तरी याची बॅट सापडते. पण प्रेक्षक म्हणून बसलेल्या आपल्या आयांना आणि बाबांना खेळ कळतो तो क्रिकेटच्या डोळ्यांनी, आणि घोटाळा तिथेच होतो.

बघा ना. क्रिकेटमध्ये दोन्ही हात डोक्यावर म्हणजे षटकार, आनंदाचा क्षण. सॉफ्टबॉलमध्ये दोन्ही हात वर म्हणजे चेंडू फाउल किंवा ‘टाइम’, म्हणजे खेळ थांबला. तुम्ही टाळ्या वाजवायला उठाल आणि शेजारची बाई तुमच्याकडे बघेल. क्रिकेटमध्ये आउट म्हणजे एक बोट. इथे आउट म्हणजे उजव्या हाताची बंद मूठ, हातोडी मारावी तशी. आणि पसरलेल्या हातांचं तर सांगितलंच.

फरक फक्त खुणांचा असता तर पाठ करून टाकल्या असत्या. पण एक मोठा फरक आणखी आहे. क्रिकेटमध्ये चौकार, बाय, लेग बाय असे बरेच इशारे हे स्कोअररसाठी असतात. पंच हात हलवतो आणि स्कोअररने तिकडून पोच देईपर्यंत थांबतो. तोवर चेंडू संपलेला असतो, कोणाला घाई नसते. सॉफ्टबॉलमध्ये इशारा बऱ्याचदा खेळ चालू असतानाच येतो, आणि तो धावत्या मुलींसाठी असतो. पुढच्या बेसकडे सुटायचं की मागे परतायचं, हे त्या हातावर ठरतं. तो हात बघितला नाही तर नुकसान त्याच क्षणी.

हे मला कोणी वर्गात बसवून शिकवलं नाही. फजिती होऊन शिकले.

चेंडू पडला, तरी आउट कशी?

जळगावातलीच गोष्ट. शाळा-शाळांचा सामना, उन्हाळ्याची चाहूल लागलेली. आम्ही पालक लिंबाच्या सावलीत, हातात पाण्याच्या बाटल्या. लेकीच्या टीमच्या दोन मुली पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर उभ्या, एक बॅटर आधीच बाद. आता बॅट माझ्या लेकीच्या हातात. तिने मारलेला चेंडू लांब जाण्याऐवजी उंच गेला, सरळ आभाळात, आणि खाली येऊ लागला तो दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या असलेल्या मुलीच्या डोक्यावर. मी श्वास रोखला. चेंडू तिच्या ग्लोव्हमध्ये आला आणि निसटून खाली पडला!

मी अशी उठले की मांडीवरची बाटली घरंगळत गेली. ‘पळ! पळ!’ म्हणून ओरडले. माझी लेक पळाली तर नाहीच, हेल्मेट काढत बाहेर चालू लागली. पंचांनी तिला आउट दिलं होतं.

पुढचं सांगायला मला आजही जड जातं. मी दोरीपर्यंत गेले. ‘अहो सर, चेंडू पडला की! सगळ्यांनी बघितलं! तुम्हाला दिसत नाही का?’ एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. मागून आणखी दोघी-तिघींनी सूर धरला आणि मला जोर चढला. ‘दुसऱ्या शाळेचे दिसतायत’ हेही मी बोलून गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. खिशातून छोटा ब्रश काढला, वाकून होम प्लेट झाडली आणि मास्क चढवून मागे जाऊन उभे राहिले.

रात्री जेवताना लेक एवढंच म्हणाली, ‘‘आई, चेंडू वर होता तेव्हाच सरांचा हात वर गेला होता. तू चेंडू बघत होतीस.’’

मग तिने वाटाण्याचे दाणे ताटात मांडून मला समजावलं. या नियमाला ‘इनफील्ड फ्लाय’ म्हणतात. कल्पना करा, दोन मुली बेसवर उभ्या आहेत आणि चेंडू असा जवळच उंच उडाला आहे. झेल जाणार असं वाटतं, म्हणून त्या बेसला चिकटून राहतात, कारण झेल गेला आणि त्या सुटलेल्या असल्या तर त्याही बाद. आता क्षेत्ररक्षण करणारी मुलगी चतुर निघाली आणि तिने मुद्दाम चेंडू खाली सोडला तर? झेल झाला नाही, म्हणजे बॅटर पहिल्या बेसकडे पळणार, म्हणजे आधीच्या दोघींना जागा सोडून पुढे पळावंच लागणार, आणि त्या तर अजून जागच्या जागी. चेंडू उचलून दोन बेसवर फेकला की दोन बाद. ही लबाडी चालू नये म्हणून पहिला आणि दुसरा बेस भरलेला असेल किंवा तिन्ही भरलेले असतील, आणि दोनपेक्षा कमी बाद असतील, तर असा सहज झेलता येण्याजोगा चेंडू हवेत असतानाच पंच हात वर करून ओरडून सांगतात की बॅटर बाद. पुढे झेल गेला काय, सुटला काय, तिला फरक पडत नाही. बेसवरच्या मुलींवर पळण्याची सक्ती उरत नाही.

म्हणजे ज्या माणसाला मी दुसऱ्या शाळेचा म्हणाले, त्याचा हात त्या क्षणी माझ्याच लेकीच्या टीममधल्या दोघींना वाचवत होता. मला तो घास काही गोड लागला नाही.

हात आले कुठून?

सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली शिकागोत, एका बोट क्लबच्या हॉलमध्ये झाला. बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून चेंडू आणि झाडूचा दांडा ही बॅट. थोडक्यात, आपल्या गल्लीतला खेळ. ‘सॉफ्टबॉल’ हे नाव बरंच नंतर, १९२६ मध्ये सुचवलं गेलं. नावावर जाऊ नका, आजचा चेंडू अजिबात मऊ नसतो. एकदा नडगीवर बसला की कळतं. पंचांच्या बऱ्याच खुणा मात्र त्याच्या थोरल्या भावाकडून, बेसबॉलकडून आल्या.

या खुणांची एक गोष्ट मला फार आवडते. १८८८ पासून अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये विल्यम हॉय नावाचा खेळाडू खेळत असे. त्याला ऐकू येत नव्हतं. पंच ‘स्ट्राइक’ म्हणाले की ‘बॉल’, हे कळायला त्याला मागे वळून बघावं लागे. म्हणून तिसऱ्या बेसजवळचा त्याचा प्रशिक्षक हातांनी खुणा करून त्याला सांगायचा. पंचांचे इशारे हॉयमुळेच सुरू झाले, असं अनेक जण आजही सांगतात. इतिहास लिहिणारे मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. साय रिग्लर आणि नामवंत पंच बिल क्लेम यांचीही नावं ते घेतात. श्रेय कोणाचंही असो, हजारो लोकांच्या कोलाहलात लांब बसलेल्या प्रेक्षकाला जे आवाजाने कळत नाही ते हातांनी कळतं, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं आणि खुणा टिकल्या. हॉयला दीर्घायुष्य लाभलं, ९९ वर्षांचं. हात बोलू लागलेलं मैदान त्याने अनेक वर्षं पाहिलं.

सॉफ्टबॉलच्या पंचांकडे शिट्टी नसते, हे तुमच्या लक्षात आलंय का? कबड्डी, खो-खो, फुटबॉल सगळीकडे शिट्टी आहे. इथे आवाज आणि हात, बस. आणि या दोघांची वाटणी मजेदार आहे. चेंडू योग्य जागेतून गेला तर ‘स्ट्राइक’ म्हणून उजवा हात वर जातो. बाहेरून गेला तर ‘बॉल’ असं तोंडाने म्हणायचं, हात हलवायचा नाही. मारलेला चेंडू रेषेबाहेर गेला तर मोठ्याने ‘फाउल!’ आणि दोन्ही हात वर. पण रेषेच्या आत पडला तर? एक अक्षर बोलायचं नाही. फक्त आतल्या बाजूला बोट दाखवायचं. असं का, ठाऊक आहे? ‘फेअर’ आणि ‘फाउल’ हे दोन शब्द गोंगाटात ऐकायला सारखेच वाटतात. एकीने पळायचं असतं, एकीने थांबायचं असतं. म्हणून एक शब्द कायमचा गिळून टाकला. स्वयंपाकघरात मीठ आणि साखर सारख्या डब्यात ठेवून फसलेल्या बाईला हे शहाणपण चटकन पटेल.

आणखी एक खूण ओळखून ठेवा. पंचांचा डावा हात सरळ बाजूला, मूठ बंद, आणि खेळ मात्र चालूच. नव्या पालकांना वाटतं, यांचा हात आखडला की काय! तर नाही. कोणीतरी चूक केली आहे, समजा एखादी चेंडूशिवायच धावणाऱ्या मुलीच्या वाटेत उभी राहिली. पंचांनी ते पाहिलंय, पण आत्ता खेळ थांबवला तर जिच्यावर अन्याय झाला तिचंच नुकसान होईल. म्हणून तो हात सांगतो की पाहिलंय, तुम्ही खेळा, हिशोब नंतर करू. माझ्या लेकीची ही सगळ्यात आवडती खूण आहे. घरात धाकट्याने रिमोट पळवला की ती काही बोलत नाही. भाजी चिरत असलेल्या माझ्याकडे बघून डावी मूठ बाजूला काढून उभी राहते.

बॅटरचा हिशोब सांगताना डाव्या हाताच्या बोटांनी बॉल आणि उजव्या हाताच्या बोटांनी स्ट्राइक दाखवतात. आधी डावा आकडा, मग उजवा. हे एवढं कळलं तरी निम्मा सामना समजायला लागतो.

उभं राहणं हीसुद्धा कला

मुलींच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात पिचर उभी असते ४३ फुटांवर, म्हणजे सुमारे १३ मीटर. वरच्या दर्जाच्या पिचरने हात चक्रासारखा फिरवून टाकलेला चेंडू साधारण चार दशांश सेकंदात प्लेटपाशी येतो. तेवढ्यात पंचांनी ठरवायचं की तो १७ इंच रुंदीच्या प्लेटवरून, बॅटरच्या काखेपासून गुडघ्यापर्यंतच्या पट्ट्यातून गेला की नाही. पापणी लवली तर गेलाच.

म्हणून उभं राहण्याला इतकं महत्त्व. मागचे पंच कॅचरच्या बरोबर पाठीमागे उभे नसतात, नीट बघा. कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत ते आपलं डोकं ठेवतात. पाय खांद्यांपेक्षा जास्त फाकलेले, एक पाय किंचित पुढे, कंबरेतून न वाकता गुडघ्यातून खाली बसायचं, हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या वरच्या टोकाशी. हात अंगाशी, चेंडू लागू नये असे. आणि मग पुतळा. चेंडू ग्लोव्हमध्ये पोचेपर्यंत डोकं हलवायचं नाही, फक्त बुबुळं फिरवायची. डोकं हललं की डोळ्यांपुढचा पट्टाही हलतो आणि स्ट्राइकचा बॉल होतो. एका सामन्यात अशी शेकड्याने उठबस होते. आपण भारतीय शौचालयाची सवय सुटली म्हणून गुडघे धरून बसतो, त्यांनी काय म्हणावं!

बेसवरच्या पंचांचं तंत्र वेगळंच. पहिल्या बेसवर धावणारी मुलगी आणि फेकलेला चेंडू एकाच वेळी पोचतात. अंतर ६० फूट, चपळ मुलीला तीन सेकंदांच्या आसपास पुरतात. डोळ्यांनी पाय बघायचा की चेंडू? एका वेळी दोन्ही दिसत नाहीत. म्हणून अनुभवी पंच डोळे बेसवरच्या पायांवर ठेवतात आणि चेंडू कानाने ऐकतात. ग्लोव्हमध्ये ‘थप्’ आवाज झाला तेव्हा पाय कुठे होता? त्यासाठी अगदी जवळ जायचं नसतं, उलट पंधरा-अठरा फूट लांब आणि नेमक्या कोनात थांबायचं. जवळ जाणारा पंच जास्त मेहनती दिसतो, पण कोन चुकला तर त्याला फक्त पाठी दिसतात. आम्ही पालक नेमकं उलट समजतो. लांब उभे होते, काय दिसणार, असं मीही म्हटलं आहे.

आणि मग येतो एक छोटासा थांबा. चांगला पंच लगेच मूठ उगारत नाही. चेंडू खरोखर ग्लोव्हमध्ये टिकला का, हे पाहतो, मग निर्णय. निर्णय अटीतटीचा असेल तर आवाज मोठा आणि हात ठसठशीत. उगाच नाटक नव्हे, तसं केलं नाही तर दोन्ही बाजूंना वाटतं की यांनाच खात्री नाही. नाटकी पंचही असतात म्हणा. क्रिकेटमधला न्यूझीलंडचा बिली बाउडन आठवतो? वाकड्या बोटाने आउट द्यायचा. लोक हसायचे, पण संधिवातामुळे बोट सरळ वर करणं त्याला त्रासाचं होतं. बेसबॉलमध्ये एमेट ॲशफर्ड होता, १९६६ मध्ये मुख्य लीगमधला पहिला कृष्णवर्णीय पंच. धावत जाऊन, अंगाला झोका देऊन निर्णय द्यायचा. नाकं मुरडणारे होतेच, पण त्याचे हात बघायला म्हणून लोक येत. माझं स्वतःचं मत विचाराल तर शाळेच्या सामन्यात थोडं कमी नाटक बरं. तिसऱ्या स्ट्राइकवर बाद झालेली बारा वर्षांची मुलगी आधीच रडकुंडीला आलेली असते. तिच्यासमोर पंचांनी वीज कडाडल्यासारखा हात फिरवायची गरज नसते.

निळा शर्ट, आखूड टोपी

पंचांचा गणवेश म्हणजे फिका निळा शर्ट आणि गडद पँट, ही सॉफ्टबॉलची जुनी ओळख. आपल्याकडे जिल्हा पातळीवर तो असतोच असं नाही. शाळेतलेच क्रीडाशिक्षक असतात, टी-शर्ट आणि टोपी घालून उभे राहतात. पण मागच्या पंचांच्या अंगावर जे असतं, ते दिसत नाही म्हणून आपल्याला कळत नाही. शर्टाच्या आत छातीचं कवच, पँटच्या आत नडग्यांचं कवच. म्हणून त्यांची पँट ढगळ असते, बेढब शिवली म्हणून नव्हे. टोपीची झडप आखूड, कारण वरून मास्क चढवायचा असतो. मास्क काढताना डावा हात वापरायचा. उजवा हात निर्णयासाठी मोकळा हवा. कमरेला जास्तीच्या चेंडूंची पिशवी, डाव्या मुठीत बॉल-स्ट्राइक मोजायचं छोटं चाकांचं यंत्र, खिशात ब्रश. प्लेट झाडतानाही एक रीत आहे. पंच प्लेटच्या पुढे येतात आणि प्रेक्षकांकडे तोंड करून वाकतात. लोकांना पाठ दाखवायची नाही. त्या दिवशी मी एवढं बोलूनही सरांनी ही रीत पाळली होती, हे मला फार उशिरा कळलं.

जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हात हे सगळं अंगावर चढवून दीड-दोन तास उभं राहून बघा. नाहीतर इथे बजबजला या, ऊन कमी पण नदीकाठची दमट हवा अशी की शर्ट दहा मिनिटांत पाठीला चिकटतो.

गणवेशाचा विषय निघाला म्हणून अमांडा क्लेमेंटची आठवण. १९०४ मध्ये, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, मोबदला घेऊन बेसबॉलची पंच म्हणून उभी राहिलेली ती पहिली बाई मानली जाते. तेव्हा बाईने पँट घालणं कल्पनेतही नव्हतं. तिने घोट्यापर्यंत लांब घागरा आणि पांढरा ब्लाउज घालून काम केलं. त्या वेषात धावायचं, वाकायचं, पुरुष खेळाडूंचा राग झेलायचा. नऊवारीत शेतातली कामं उरकणाऱ्या आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. नवल हे, की तिच्यानंतर बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये बाई पंच दिसायला २०२५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. ९ ऑगस्टला अटलांटामध्ये जेन पावोल मैदानात उतरली, आणि दुसऱ्या दिवशी प्लेटमागे उभी राहिली. ती मूळची सॉफ्टबॉलची, आधी कॅचर आणि मग पंच. बेसबॉलमध्ये २०१६ पासून ती खालच्या लीगमधून एकेक पायरी चढत आली होती. म्हणजे सॉफ्टबॉलचं मैदान तिला कमी पडलं नाही, उपयोगीच पडलं.

आपल्याकडेही चित्र हलतंय. नवी मुंबईची वृंदा राठी आधी क्रिकेट खेळायची, मग स्कोअरर झाली, मग पंच. २०२० मध्ये जननी नारायणन आणि ती आयसीसीच्या पंचांच्या डेव्हलपमेंट पॅनलवर गेल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये या दोघी आणि गायत्री वेणुगोपालन पुरुषांच्या रणजी सामन्यांत उभ्या राहिल्या. मुलगी दहावीत गेली की ‘आता खेळ पुरे’ म्हणणाऱ्या घरांसाठी मी हे सांगतेय. खेळ थांबला म्हणून मैदान सोडावंच लागतं असं नाही. राज्य आणि जिल्हा संघटनांच्या पंच परीक्षा असतात, शिबिरं होतात. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना विचारा, ते सांगतील. नियमांचं पुस्तक वाचायची चिकाटी, मोठा आवाज आणि लोकांनी नाव ठेवलं तरी चेहरा स्थिर ठेवायची सवय, एवढं भांडवल लागतं. शेवटचं घरीच तयार होतं, असं माझी लेक म्हणते. मी ते माझ्यावर घेत नाही.

सराव आरशासमोर करायचा. लेक रोज रात्री कपाटाच्या आरशापुढे उभी राहते. सेफ करताना हात खांद्याच्या वर जातात का, मूठ ढिली राहते का. आवाजाचा सराव करायला मात्र इथे अडचण आहे. पहिल्या दिवशी तिने गच्चीवर जाऊन पोटातून ‘आउट!’ अशी आरोळी दिली आणि खालच्या मजल्यावरच्या बौदी काय झालं म्हणून वर धावत आल्या.

पुढच्या दिवाळीत जळगावला गेलो तेव्हा मी मुद्दाम त्या सरांना भेटले. मैदानावर चुन्याची रेघ मारत होते. मी सांगितलं की मीच ती, बाटलीवाली. त्यांना आठवलं नाही, की आठवलं नाही असं दाखवलं, कोण जाणे. म्हणाले, ‘‘ताई, पालक ओरडणारच. फक्त ओरडायच्या आधी हात बघत चला.’’ आणि रेघ वाकडी जाईल म्हणून पुन्हा खाली बघू लागले.

इथल्या गल्लीतलं ते वाईडचं भांडण कसं मिटलं ते राहिलंच. पोरांनी तिला काढून टाकलं नाही. उलट एकाने विचारलं, तो हातवाला खेळ कुठला? ट्रंकेतला ग्लोव्ह बाहेर निघाला. आता रविवारी सकाळी फुटबॉलवाले यायच्या आधी तासभर मैदान मिळतं. विटांचे चार बेस, एक ग्लोव्ह, बाकीचे उघड्या हातांनी, म्हणून चेंडू मात्र टेनिसचा. पंच अर्थातच ती. भाषा अजून तुटकीच आहे, पण हात सगळ्यांना पाठ झालेत. लहान पोरं तिला ‘अंपायर दीदी’ म्हणतात.

गेल्या रविवारी मी काठावर बसले होते, शेजारी एका खेळाडूची आई. तिचा मुलगा पळत आला, चेंडू आला, धूळ उडाली. लेक थांबली, बघितलं, मूठ उगारली. ती बाई ताडकन उठून जोरजोरात बोलू लागली. शब्द कळले नाहीत, पण सूर माझ्या ओळखीचा होता. मी तिचा पदर धरून खाली बसवलं आणि माझ्या मोडक्या बंगालीत सांगितलं, ‘‘दीदी, हात देखुन, हात!’’

तिने आधी माझ्याकडे पाहिलं. मग माझा तळवा आपल्या हातात घेऊन उलटा-सुलटा केला, त्यावरच्या रेषा न्याहाळल्या आणि हसून म्हणाली, ‘‘आमि तो हात देखते जानि ना गो!’’